सातचे पैसे, बाराचा घाम

१/ निजाम गेला, जहागिरी गेल्या, दलाल हटले आणि आता सरकारचा पैसा थेट शेतकऱ्याच्या खात्यात पडतो, असे सांगितले जाते. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अर्धी खरी आहे. चौथी मात्र तपासली की टिकत नाही. पैसा खात्यात पडतो, पण ते खाते शेत कसणाऱ्याचेच असते असे नाही. हा धागा त्या फरकाच्या इतिहासाचा आहे, आणि तो मराठवाड्यातून, शेंद्र्यापासून मांडलेला आहे.

२/ आधी रोजच्या वापरातला कागद. सातबारा हा एक उतारा दिसत असला तरी त्यात दोन नमुने असतात. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कोणाच्या मालकीची. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही : त्या जमिनीत काय पेरले गेले. जुन्या छापील बारामध्ये 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा स्वतंत्र रकाना असे. मालक आणि कसणारा ही दोन माणसे असू शकतात, हे कागद करणाऱ्याला ठाऊक होते.

३/ सरकारी अनुदान या कागदाचा वरचा अर्धा भागच वाचते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची घोषणा १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. आरंभी दोन हेक्टरची मर्यादा होती, ती त्याच वर्षी उठली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने 'नमो शेतकरी महासन्मान निधी' आणून तितकीच भर घातली. प्राप्तिकर भरणारे, घटनात्मक पदांवरील व्यक्ती, नोंदणीकृत डॉक्टर-वकील असे काही वर्ग वगळले आहेत. मात्र मूळ अट एकच : जमीन नावावर हवी. दुसऱ्याची जमीन बटाईने कसणारा माणूस या योजनेच्या व्याख्येत शेतकरी नाही.

४/ आता शेंद्रा. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने पूर्वेला निघाले की हे गाव लागते. मांगीरबाबाच्या यात्रेसाठी ते पंचक्रोशीला परिचित होते. पुढे औद्योगिक वसाहत आली, २००१ पासून स्कोडाच्या मोटारी येथे तयार होऊ लागल्या. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील 'ऑरिक' नगरीचा शेंद्रा भाग येथेच उभा राहिला आणि ७ सप्टेंबर २०१९ ला 'ऑरिक हॉल'चे उद्घाटन झाले. म्हणजे सन्मान निधी आणि औद्योगिक नगरी, दोन्ही एकाच वर्षी या शिवारात दाखल झाल्या.

५/ अशा गावात जमिनीचे काय होते, याचे एक नमुनाचित्र घ्यावे. घरातील काही जमीन संपादनात गेली, तीन एकर उरली. मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, वडील थकले. ते तीन एकर शेजारचा भूमिहीन माणूस बटाईने करतो : खर्च निम्मा, माल निम्मा. सरकी तो आणतो, फवारणी तो करतो, रात्रपाळीची वीज आली की मोटार चालू करायला तोच उठतो. हप्ता मात्र ज्याचे नाव सातवर आहे त्याला येतो. यात कोणी चोरी केलेली नाही. सगळे नियमाप्रमाणेच झाले आहे, आणि आक्षेप त्या नियमालाच आहे.

६/ हा नियम नवा नाही. त्याची मुळे या परिसरातील गावांच्या नावांतच दिसतात. शेंद्रा कमंगर, शेंद्रा जहांगीर. कमानगर हा फारसी शब्द धनुष्य बनवणाऱ्यासाठीचा. आणि मराठवाड्यात गावाच्या नावापुढे येणारा 'जहांगीर' हा मोगल बादशहा नसतो. ती 'जागीर'ची बोलीत घासलेली खूण असते. ज्या गावाचा महसूल सरकारात जमा न होता जहागीरदाराकडे जाई, त्या गावाची ही ओळख. जहागीर सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, १९४९ मध्ये कायद्याने संपली. नाव उरले.

७/ निजामी राजवट कसणाऱ्यांची कैवारी होती, असे कोणी म्हणणार नाही. वेठबिगार, लेव्ही, देशमुख-जहागीरदारांची दहशत यांचा इतिहास सर्वांना माहीत आहे. तरीही त्या राजवटीच्या महसूल कायद्यात (१३१७ फसली, म्हणजे इ. स. १९०७-०८) जमिनीशी नाते असणाऱ्यांसाठी तीन वेगळे शब्द होते. सरकारला सारा भरण्यास थेट जबाबदार तो पट्टेदार. पट्टेदाराबरोबर जमिनीत हक्क वा पूर्वापार सहभाग असलेला तो शिकमीदार. आणि पट्टेदाराकडून जमीन घेऊन कसणारा तो असामी शिकमी.

८/ म्हणजे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या सरंजामी दफ्तरालाही प्रत्यक्ष कसणाऱ्यासाठी शब्द होता. त्याला न्याय मिळत होता, असा याचा अर्थ नाही. तो दिसत होता, एवढाच अर्थ आहे. १३५४ फसलीत असामी शिकमींसाठी स्वतंत्र कायदाही झाला. आजच्या अनुदानाच्या अर्जात मात्र त्याच्यासाठी एकही रकाना नाही. लोकशाही राज्याच्या यादीतून तो माणूस गळावा, ही गोष्ट निजामाला नावे ठेवून झाकता येत नाही.

९/ मधल्या काळात त्याला हक्क देण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०. ठरावीक कालखंडात सलग सहा वर्षे जमीन कसलेल्या कुळाला 'संरक्षित कूळ' म्हणून मान्यता मिळाली. त्याला मनमानीने काढता येणार नव्हते. पुढे जमीन विकत घेण्याचा हक्कही होता. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून हाच कायदा येथेही लागू झाला. कागदावर तो त्या काळच्या भारतातील पुढारलेल्या कायद्यांपैकी एक होता.

१०/ प्रत्यक्षात काय झाले, याची मोजणी उस्मानिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुस्रो यांनी केली. त्यांचा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये नोंदलेल्या दर शंभर संरक्षित कुळांपैकी चार वर्षांनंतर साधारण पंचेचाळीसच त्या स्थितीत उरली होती. सुमारे बारांनी जमीन विकत घेतली. दोन-तीनांना कायदेशीर मार्गाने काढले गेले. सुमारे बावीसांना बेकायदा हुसकले गेले. आणि सतरा-अठरांनी आपला हक्क 'स्वखुशीने' सोडला.

११/ या 'स्वखुशी'वर इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. ज्याच्या घरात दाणे नाहीत, तो माणूस कायद्याने मिळालेली जमीन आनंदाने परत का करील? मालकाचे कर्ज, गावातील वजन, भावकीचा दबाव आणि कागदावर उमटवलेला अंगठा यांचे एकत्रित नाव म्हणजे ती स्वखुशी. बेकायदा बेदखली आणि स्वखुशी यांची बेरीज केली, तर शंभरांतील चाळीस कुळे. हक्क देणारा कायदा आणि हक्क काढून घेणारी लाट एकाच वेळी आली.

१२/ त्या अनुभवातून दोन्ही बाजू एक धडा शिकल्या. मालक शिकला की जमीन दुसऱ्याला द्यावी, पण लिहून देऊ नये. दोन-तीन वर्षांनी माणूस बदलावा. कसणारा शिकला की लेखी मागितले तर पुढच्या वर्षी जमीन मिळत नाही. तेव्हापासून बटाई, ठोका, मक्ता हे सारे व्यवहार तोंडी झाले. म्हणून आज बटाईदाराकडे पुरावा नाही, असे सरकार म्हणते तेव्हा ते खरेच असते. पण तो पुरावा त्याच्या निष्काळजीपणामुळे नाहीसा झालेला नाही. १९५० च्या दशकातील सुधारणा अर्ध्यावर सोडली गेल्यामुळे तो नाहीसा झाला.

१३/ २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीमुळे 'निजामकालीन नोंदी' हा शब्द घरोघरी पोहोचला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांच्या नोंदवह्या यांची धूळ झटकली गेली. जातीची नोंद शोधण्यासाठी ते काम झाले, आणि त्याचे कारण सर्वज्ञात आहे. पण त्याच दफ्तरांत कोणती जमीन प्रत्यक्ष कोणाच्या वहिवाटीत होती, हेही लिहिलेले आहे. त्या नोंदीसाठी समिती नेमावी, असे आजवर कोणाला वाटलेले नाही.

१४/ आता अनुदानाचा त्याहून जुना इतिहास. शेतीसाठी सरकारने द्यायच्या उचलीला आजोबांच्या पिढीत 'तगाई' म्हणत. मूळ शब्द तकावी. त्याचा धातू अरबीतील बळवाचक. मराठीतील 'कुवत' त्याच मुळाचा. तगाई म्हणजे बळ देणे. प्रश्न असा की बळ कोणाला द्यायचे? ज्याच्याकडे तारण आहे त्याला, की ज्याच्याकडे फक्त राबण्याची ताकद आहे त्याला?

१५/ मराठी इतिहासात या प्रश्नाचे एक नेमके उत्तर आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र. त्यातील आज्ञेचा आशय असा : गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत. ज्याच्या अंगी कष्टाचे बळ आहे, पण बैल, नांगर आणि पोटाला धान्य नाही म्हणून जो अडून बसला आहे, त्याला बैलांसाठी रोख आणि खाण्यासाठी धान्य द्यावे. वसुली वाढीदिढीशिवाय, केवळ मुद्दलाची, आणि तीही त्याला ताकद येईल तशी हळूहळू करावी.

१६/ हे पत्र भाषणांत वारंवार येते. त्यातील निकष मात्र क्वचित वाचला जातो. मदतीस पात्र कोण? ज्याला राबता येते पण साधन नाही, तो. नावावर किती जमीन आहे, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही. हे केवळ औदार्य होते, असेही मानू नये. पडीक जमीन लागवडीस यावी आणि स्वराज्याचा महसूल वाढावा, हा रोकडा हिशेब त्यामागे होता. पण हिशेबी राज्यालाही कळत होते की पीक मालकी हक्कातून उगवत नाही, ते कष्टातून उगवते.

१७/ ही चूक केवळ भारतात झाली, असेही नाही. १९३३ साली मंदीने मोडलेल्या अमेरिकेत रूझवेल्ट सरकारने कृषी समायोजन कायदा आणला. कापसाचे भाव सावरण्यासाठी उभे पीक नांगरून टाकायचे आणि त्याबदल्यात सरकारने रक्कम द्यायची. दक्षिणेतील कापसाची शेती मोठ्या प्रमाणावर वाटेकरी कुळे करत, त्यांत कृष्णवर्णीयही होते आणि गोरेही. रक्कम मात्र जमीनमालकाच्या हाती पडत असे. त्याने ती कुळाशी वाटून घ्यावी, अशी अपेक्षा होती.

१८/ अनेक मालकांनी वाटा दिला नाहीच. लागवड कमी झाल्यावर कूळही नको झाले, आणि कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यावर आली. जुलै १९३४ मध्ये आर्कन्सॉ राज्यातील टायरोंझा गावाजवळ अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय शेतकरी एकत्र बसले आणि दक्षिणी कुळांची संघटना जन्मली. करारातील कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावणाऱ्या सरकारी वकिलांना फेब्रुवारी १९३५ मध्ये खात्यातून काढण्यात आले. मदत मालकीच्या मागे गेली की ती कसणाऱ्याला जमिनीवरून ढकलूही शकते, हा धडा तेव्हापासून जगापुढे आहे.

१९/ सहा हजार किंवा बारा हजारांसाठी एवढा वाद कशाला, असे कोणी म्हणेल. वाद त्या रकमेपुरता नाही. प्रत्येक मदत त्याच एका दारातून जाते. पीककर्जाला सातबारा लागतो. म्हणून बटाईदार खासगी कर्ज काढतो. म्हणून २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची राज्याची आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती या तिन्ही त्याच्या दारावरून पुढे गेल्या. बँकेचे कर्जच नव्हते, तर माफ काय होणार? अतिवृष्टीची भरपाईही खातेदाराला. वाहून गेलेले बियाणे कोणी विकत आणले होते, हे पंचनामा विचारत नाही.

२०/ पीकविम्यात बटाईदाराला नियमाने जागा आहे. पण त्यासाठी मालकाबरोबरचा करारनामा हवा. आणि करारनामा का मिळत नाही, हे वर आलेच. दार उघडे ठेवायचे आणि उंबऱ्यावर भिंत बांधायची, असा हा प्रकार. २०२५ पासून योजनांसाठी बंधनकारक झालेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या अभिलेखाला जोडलेला आहे. म्हणजे जुना दोष आता संगणकात पक्का बसवला गेला.

२१/ या दाराचे सर्वांत निर्दय रूप मृत्यूनंतर दिसते. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला राज्याकडून एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर आणि कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. बटाईने कसणारा आणि हातउसने घेणारा माणूस गेला, तर प्रकरणावर 'अपात्र' असा शेरा पडतो. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाचे शेतकरीपण त्याच्या मरणानंतर फेटाळले जाते.

२२/ आणि स्त्रिया? निंदणी, खुरपणी, वेचणी त्यांची. सातवर नाव बहुधा पुरुषाचे. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे विशाल अधिवेशन भरवले आणि त्यानंतर शरद जोशी यांच्या प्रेरणेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम निघाली : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. अनेक गावांनी ते केले. बाजारपेठेचे स्वातंत्र्य मागणाऱ्या चळवळीलाही कळले होते की सातवर नाव नसेल, तर राबणाऱ्याची गणतीच होत नाही.

२३/ आता आक्षेप. पहिला : खरा कसणारा ओळखायचा कसा? महाराष्ट्राच्या महसूल नियमांतच त्याची रीत आहे. अभिलेखात नाव असलेल्या व्यक्तीऐवजी दुसरीच व्यक्ती जमीन कसताना आढळली, तर तलाठ्याने फॉर्म १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा असतो. रीत आहे, वापर नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. पिकाचे छायाचित्र घेणाऱ्या यंत्रणेला 'पेरले कोणी?' हा एक प्रश्न जड जाऊ नये.

२४/ दुसरा आक्षेप : कसणाऱ्याची नोंद झाली की तो कूळ म्हणून जमीन मागेल, ही मालकाची भीती. ती खोटी नाही; इतिहासातूनच ती आली आहे. तिचे उत्तरही शोधले गेले आहे. आंध्र प्रदेशाने २०११ आणि पुन्हा २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला मुदतीचे कार्ड दिले : त्यावर कर्ज, विमा, मदत मिळेल, मालकीवर मात्र कोणताही हक्क निर्माण होणार नाही. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनही आले. पश्चिम बंगालच्या 'कृषक बंधू'त नोंद असलेले बर्गादार आहेत.

२५/ उलट उदाहरणही जवळचेच. तेलंगणाने २०१८ साली 'रयतु बंधू' आणली, एकरी ४,००० रुपये प्रतिहंगाम, आणि कुळांना वगळले. पट्टेदाराची जमीन जितकी मोठी, तितका धनादेश मोठा. मराठवाडा आणि तेलंगणा, दोन्ही १९५० च्या त्याच कायद्याखालून आलेले, असामी शिकमी हा शब्द दोघांनाही ठाऊक असलेले. दोघांनीही तो विसरायचे ठरवले.

२६/ तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : जमीन बटाईला देणारा दरवेळी धनदांडगा नसतो. पाच एकर कोरडवाहू सांभाळणारी विधवा, पाळीवर जाणारा कामगार, अंथरुणाला खिळलेला म्हातारा हेही मालकच. अगदी खरे. म्हणूनच त्यांच्या ताटातले काढून दुसऱ्याला द्यावे, ही मागणी नाही. मालकीचा आधार म्हणून त्यांना जे द्यायचे ते द्यावे. पण बियाणे, खत, पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या गोष्टी पिकासाठी आहेत, आणि पीक ज्याने उभे केले त्याच्याकडेच त्या गेल्या पाहिजेत.

२७/ कसणाऱ्याची व्याख्या सरकारला जमत नाही, हे तर मुळीच पटण्यासारखे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' ठरवताना शेतमजूर, कूळ आणि वाटेकरी यांची स्पष्ट नावे घेतली आहेत. तीन वर्षांच्या वास्तव्याची किंवा कामाची अट घालून त्यांची व्याख्याही केली आहे. जमीन हातची जाताना वाटेकऱ्याचे अस्तित्व संसदेला दिसू शकते, तर पेरणीच्या वेळी का दिसू नये?

२८/ शेंद्र्यासारख्या गावात हा प्रश्न पुढे मोठाच होणार. कारखाने वाढतील, मालक शेतीपासून आणखी दूर जाईल, उरलेली जमीन आणखी बटाईने जाईल. सातवरील नाव आणि बारातील घाम यांतील अंतर दर हंगामाला रुंदावेल. अनुदानाची रक्कम दुप्पट केली तरी ते भरणार नाही, कारण दुप्पट रक्कमही त्याच दारातून आत जाईल.

२९/ म्हणून मागणी छोटी आहे. 'जमीन करणाऱ्याचे नाव' या रकान्याला पुन्हा जीव द्यावा, मालकी हक्काला धक्का न लावता. गावपातळीवर हंगामाच्या आरंभी ग्रामसभेपुढे कसणाऱ्यांची यादी वाचावी. त्या नोंदीवर कर्ज, विमा आणि भरपाई द्यावी. यासाठी क्रांती लागत नाही. सातबाराचा खालचा अर्धा भाग वाचण्याची तयारी लागते.

३०/ इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाने एकदा आपल्या घरचा उतारा काढून पाहावा. वर कोणाचे नाव आहे ते वाचावे. मग शेतावर जाऊन यंदा तिफण कोणी धरली, हे विचारावे. दोन्ही उत्तरे एकच निघाली तर चांगलेच. वेगळी निघाली, तर १९५१ ते १९५५ या चार वर्षांत मराठवाड्यात काय घडले, याचा जिवंत पुरावा तेथे बांधावर उभा असेल. त्याचे नाव कोणत्याही रकान्यात नाही. धागा समाप्त.